आधी षटकांचा रकाना

भाचेबुवा, आपल्या फॅन्टसी लीगच्या लिलावाच्या आदल्या रात्री तू काय करतोस ते मला ठाऊक आहे. मागच्या रणजी हंगामात सर्वाधिक धावा कोणाच्या आणि सर्वाधिक बळी कोणाचे, हे दोन तक्ते मोबाइलवर उघडतोस. पहिल्या दहांतल्या नावांवर खुणा करतोस आणि दुसऱ्या दिवशी शंभर गुणांच्या थैलीतले ऐंशी त्यांच्यावर उधळून मोकळा होतोस. उरलेल्या विसांत मग आठ भिडू कोंबायचे, ते कोंबले जातात तसेच खेळतात. हंगाम संपला की तर्री पोह्यांचं बिल तुझ्याच नावावर. तक्त्यात जे वर दिसतात ते चमकून झालेले असतात रे. त्यांची किंमत अख्ख्या टेबलाला माहीत असते. आपल्याला हवा तो यंदा चमकणारा, आणि तो मागच्या वर्षीच्या तक्त्यात तिसाव्या-चाळिसाव्या नंबरावर कुठेतरी दडलेला असतो.

तुम्हा पोट्ट्यांची खोड कुठून लागली तेही सांगतो. ड्रीम इलेव्हनवर तुम्ही वाढलात. शंभर क्रेडिट, अकरा जण, कर्णधाराला दुप्पट, उपकर्णधाराला दीडपट, आणि रात्री साडेअकराला निकाल. एका सामन्यात कोणीही चमकू शकतो, म्हणून तिथं अंदाजापेक्षा नशीब मोठं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला आणि पैशाचे डाव बंद झाले, ते माझ्या मते बरंच झालं. निदान तुम्ही वही-पेन्सिल घेऊन अख्ख्या हंगामाचा खेळ मांडायला लागलात. पण सवय तीच राहिली, एका सामन्याची. हंगामाचा खेळ वेगळा असतो. तिथं कोण किती गुणी आहे याच्या आधी, कोणाला किती काम मिळणार आहे हे बघायचं असतं. माझं सांगणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचीच फोड.

स्कोअरकार्ड उघडलंस की गोलंदाजाचे बळी बोटानं झाक आणि आधी षटकांचा रकाना वाच. आठ षटकांत चार बळी घेणाऱ्याची पेपरात बातमी येते. अठ्ठावीस षटकांत एक बळी घेणाऱ्याची येत नाही. पण पुढच्या सामन्यात दुपारी तीन वाजता, भागीदारी जमलेली असताना, चेंडू या दुसऱ्याच्याच हातात जाणार असतो. कर्णधाराचा भरवसा कोणावर आहे हे षटकं सांगतात. बळी त्यामागून येतात, कधी लगेच, कधी पुढच्या वर्षी.

आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावरच्या पहिल्याच कसोटीचं बघ, नोव्हेंबर २००८. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा पदार्पणातच पहिल्या डावात ८ बळी घेऊन गेला आणि सामन्यात १२. लोकांना तेवढंच आठवतं. त्या आठ बळींसाठी त्याला ४३.५ षटकं टाकायला मिळाली आणि त्यात २१५ धावा गेल्या, हे कोणाच्या लक्षात नसतं. आपले फलंदाज त्याला झोडत होते तरी कर्णधार पाँटिंगनं त्याला बाजूला केलं नाही. त्या माणसाला पुढे आयुष्यात आणखी एकच कसोटी खेळायला मिळाली. गुण तेच, बोटं तीच, काम संपलं तशी कहाणी संपली.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हंगामाआधी कोण आलं याची चर्चा सगळे करतात. तू कोण गेलं त्याची यादी कर.

आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेचं उदाहरण तुझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. २०२४-२५ मध्ये त्यानं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला आजवरचा विक्रम. वर ४७६ धावा. आपल्या लीगच्या हिशोबानं, धावेला एक आणि बळीला वीस धरले, तर झेल सोडून १८५६ गुण होतात. त्याच हंगामात देशात सर्वाधिक धावा आपल्याच यश राठोडच्या, ९६०. म्हणजे देशातल्या पहिल्या नंबरच्या फलंदाजाच्या जवळजवळ दुप्पट गुण एकट्या दुबेचे. लिलावात तो किती गुणांना गेला होता, आठवतं? मी सांगत नाही, तुलाच लाज वाटेल.

आता त्या हंगामाआधी काय दिसत होतं ते मांड. आदित्य सरवटे विदर्भ सोडून केरळकडे गेला होता. सरवटे म्हणजे डावखुरा फिरकीपटू, २०१८-१९ च्या विजेतेपदात ५५ बळी घेणारा. जामठ्याच्या त्या फायनलमध्ये सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी, पुजाराला पहिल्या डावात १ वर आणि दुसऱ्यात शून्यावर घरी पाठवणारा. एवढा माणूस गेला की त्याची षटकं हवेत विरत नाहीत, कोणाच्या तरी पदरात पडतात. संघात डावखुरा फिरकीपटू कोण उरला? दुबे. तो तयार होता का? होता. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर आपण मुंबईकडून फायनल १६९ धावांनी हरलो, तेव्हा मुंबईच्या दुसऱ्या डावात त्यानं ५ बळी घेतले होते, १४४ धावा देऊन. परत बळी झाक. १४४ धावा जाईपर्यंत कर्णधारानं त्याला टाकत ठेवलं, ही खरी बातमी. मग ५३८ चा पाठलाग करताना त्यानंच ६५ धावांची झुंज दिली. म्हणजे एकाची जागा रिकामी, दुसरा तयार आणि कर्णधाराचा भरवसा आधीच बसलेला. तिन्ही गोष्टी हंगामाआधीच उघड्यावर पडलेल्या होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?

यश राठोडचंही तसंच. २०२४ च्या उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध दुसऱ्या डावात १४१ धावा, दडपणाखाली, आणि आपण ६२ धावांनी जिंकलो. पुढच्या वर्षी ९६०. म्हणून सांगतो, मागच्या हंगामाची बेरीज बघण्याऐवजी मागच्या हंगामाचे शेवटचे तीन सामने बघ. कोवळा खेळाडू ऑक्टोबरमध्ये वेगळा असतो आणि फेब्रुवारीत वेगळा. बेरजेत दोन्ही मिसळून जातात आणि फरक बुडतो.

जाता जाता एक, गेलेला माणूसही विसरायचा नाही. सरवटे केरळला गेला आणि केरळ इतिहासात पहिल्यांदा फायनलला पोचलं. गुजरातविरुद्धच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ ला उत्तर देताना गुजरात ४५५ वर असताना नागवासवालाचा फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आपटून स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात गेला. गोलंदाज होता सरवटे. दोन धावांच्या आघाडीवर केरळ नागपूरला आलं, आणि आपलाच माणूस जामठ्यावर आपल्याविरुद्ध उभा राहिला. पहिल्या डावात ७९ धावा करून गेला तो. संघ बदलला की काही जणांची फुकट वाया गेलेली वर्षं भरून निघतात. करुण नायरचं बघ. कर्नाटकात जागा मिळेना म्हणून आपल्याकडे आला, २०२४-२५ मध्ये ८६३ धावा काढल्या आणि २०२५-२६ साठी परत कर्नाटकात गेला. अशा वेळी तुझ्यासारख्यानं विचारायचं ते हे, की ती चौथ्या नंबरची जागा कोणाच्या वाट्याला?

तुझा न्यू जर्सीचा दादा मागे फोनवर त्यांच्या फॅन्टसी फुटबॉलबद्दल सांगत होता. तो अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू धरून पळायचा. मला आधी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याचं रनिंग बॅकचं प्रकरण ऐकलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच! रनिंग बॅक म्हणजे ज्याच्या हातात क्वार्टरबॅक चेंडू देतो आणि जो गर्दीतून वाट काढत पळतो. त्यांच्या लीगमध्ये साधारण दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा. ती पोरं दर ऑगस्टला डोकं खाजवतात की यंदा कोणता रनिंग बॅक उसळी मारणार. जाणकार तिथं यार्ड नंतर बघतात. आधी बघतात की चेंडू किती वेळा हातात येणार, संघातून कोण गेला आणि त्याच्या वाट्याचे चेंडू कोणाकडे जाणार, पुढे वाट मोकळी करणारी फळी किती दणकट, आणि प्रशिक्षक नवा की जुना.

दादानं दोन नावं सांगितली. कायरन विल्यम्स, लॉस एंजेलिस रॅम्सचा. २०२२ मध्ये पाचव्या फेरीत घेतलेला पोरगा, पहिल्या वर्षी जेमतेम १३९ यार्ड. २०२३ च्या सुरुवातीलाच संघानं मुख्य रनिंग बॅक कॅम एकर्सला बाजूला केलं आणि दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. विल्यम्सनं १२ सामन्यांत ११४४ यार्ड काढले. दुसरा सॅक्वॉन बार्कली, तो मुळातच मोठा. न्यूयॉर्क जायंट्सकडे २०२३ मध्ये ९६२ यार्ड, २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या दणकट फळीमागे गेला आणि २००५ यार्ड. पाय तेच, वाट मोकळी करणारे बदलले. दादाला म्हटलं, तुमचा विल्यम्स म्हणजे आमचा हर्ष दुबे. त्याला काही कळलं नाही, पोरगं तिकडेच वाढलेलं.

फलंदाजाला षटकांचा रकाना नसतो. तिथं चेंडूंचा रकाना बघायचा आणि फलंदाजीचा क्रमांक. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगते. ती बघून भुलू नको, त्याला शतकाला पुरेल इतका वेळच मिळत नाही. पहिल्या चारांत येणाऱ्या नवख्याची सरासरी पस्तीस असली तरी तो घे. दानिश मालेवार पहिल्याच हंगामात ७८३ धावा करून गेला, त्याचं एक कारण असं की संघानं त्याला वरच्या क्रमांकावर टाकला आणि एखाद-दुसऱ्या अपयशानं हलवला नाही. केरळविरुद्धच्या फायनलला आपण ३ बाद २४ होतो. तिथून त्यानं आणि नायरनं २१५ ची भागीदारी केली, मालेवारच्या १५३. दुसऱ्या डावात परत ७३. ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप करंडकात मध्य विभागाकडून २०३. यश राठोडनं त्याच स्पर्धेच्या फायनलला १९४ केल्या. म्हणूनच आता हे दोघं लिलावात आले की तू त्यांना घ्यायला जाऊ नको. ते चांगलेच आहेत, आणखी मोठे होतील, पण त्यांच्यावर बोली लावणाऱ्याला आता पूर्ण दाम मोजावा लागेल. स्वस्तातली ती एकच वेळ असते, ती हुकली की हुकली.

क्रमांकाबाबत एक सावधगिरी. केरळविरुद्धच्या त्याच फायनलला आपण सलामीला पार्थ रेखाडेला पाठवलं. रेखाडे मूळचा डावखुरा फिरकीपटू. आधीच्या सामन्यात मुंबईच्या रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे या तिघांना त्यानं एका षटकात गारद केलं होतं, आणि तो सलामीला! दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर गेला. म्हणजे कागदावरचा क्रमांक आणि नाणेफेकीनंतरचा क्रमांक एकच असेल असं धरायचं नाही. पहिल्या दोन सामन्यांचे चार डाव लिहून काढ, मग ठरव.

रणजीच्या एलिटमध्ये चार गटांत बत्तीस संघ, प्रत्येकाला साखळीचे सात सामने. बाद फेरीत पोचून फायनल खेळणाऱ्याला दहा. सात आणि दहा यांत तीन सामन्यांचा, म्हणजे सहा डावांचा फरक. दुबेचे ६९ बळी दहा सामन्यांतले. म्हणून गुणी पण गटात तळाला राहणाऱ्या संघाचा भिडू घेताना दहादा विचार कर. आपला संघ त्या वर्षी गटात अव्वल होता, म्हणून उपांत्यपूर्व, उपांत्य आणि फायनल तिन्ही जामठ्यालाच झाले. ओळखीची खेळपट्टी, घरचं जेवण, फिरकीला दुपारनंतर हात देणारी माती. असे तीन सामने फुकटात मिळतात.

आणि एलिटच्या खालच्या प्लेट गटाच्या आकड्यांना भुलू नको. दुबेच्या आधीचा विक्रम ६८ चा होता, बिहारच्या आशुतोष अमननं २०१८-१९ मध्ये आठ सामन्यांत केलेला. त्याच्या मेहनतीला कमी लेखत नाही मी, त्याच्या आधी हा विक्रम खुद्द बिशनसिंग बेदींचा होता, १९७४-७५ मधला ६४. पण पहिल्यांदाच रणजी खेळणाऱ्या संघांविरुद्धचे बळी आणि मुंबई-कर्नाटकविरुद्धचे बळी एकाच तराजूत घालता येत नाहीत. आपल्या लीगमध्ये प्लेटच्या बळीला वीसच गुण देतात, म्हणून एखादा प्लेटवाला स्वस्तात मिळाला तर जरूर घे. मात्र त्याचा संघ पुढच्या वर्षी एलिटमध्ये चढला की लगेच सोड.

भारतीय संघाची निवड झाली की आपले लोक आनंद करतात, पेढे वाटतात. तू त्या दिवशी वही उघड. डिसेंबर २०१७ मध्ये आपण पहिल्यांदा रणजीच्या फायनलला गेलो. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना पाच धावांनी जिंकला, रजनीश गुरबानीचे सामन्यात १२ बळी. तोपर्यंत उमेश यादव संघात होता. फायनलला मात्र तो नव्हता, भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. इंदूरला नवा चेंडू कोणाकडे? गुरबानीकडे. दिल्लीविरुद्ध पहिल्या डावात ६ बळी, त्यात हॅट्ट्रिक. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि १४५ वर खेळणारा ध्रुव शौरी, तिघांच्याही दांड्या. हाच शौरी पुढे आपल्याकडून सलामीला यायला लागला, नशिबाचे खेळ. त्या हंगामात गुरबानी सहाच सामने खेळला आणि ३९ बळी घेऊन गेला. आणि उमेशच्या जागी फायनललाच पदार्पण केलं ते आदित्य ठाकरे या कोवळ्या पोरानं. दादाच्या अमेरिकेत याची रीतच आहे म्हणे. मोठा रनिंग बॅक घेतला की त्याच्या मागचा राखीवही शेवटच्या फेरीत उचलून ठेवायचा, मोठा जखमी झाला की राखीवाला सोन्याचा भाव. आपल्याकडे जखमेबरोबर बोलावणंही येतं. म्हणून भारत अ, कसोटी संघ, ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचे दौरे यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर पाहिजेत.

दुसरं पान हंगामाच्या फाळणीचं. आता रणजी दोन तुकड्यांत होते. दिवाळीच्या आगेमागे पाच सामने, मग मध्ये सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे, आणि उरलेले दोन साखळी सामने नि बाद फेरी जानेवारीनंतर. ऑक्टोबरचं नागपूर आणि जानेवारीचं नागपूर यांत फरक आहे. थंडीत सकाळी खेळपट्टीत ओल असते, पहिला दीड तास मध्यमगती गोलंदाजाचा. ते ऊन चढलं की संपतं. बदलीची मुभा असेल तर ती जानेवारीसाठी राखून ठेव. तुम्ही सगळे दुसऱ्याच सामन्यानंतर बदल्या संपवता, मग फेब्रुवारीत भिंतीकडे बघत बसता.

मध्यंतरीच्या पांढऱ्या चेंडूच्या धावांचं काय करायचं, हे मला नेहमी विचारतोस. थोडं धरायचं, फार नाही. नायरनं २०२४-२५ च्या विजय हजारेत ७७९ धावा केल्या आणि पाच शतकं ठोकली. नंतर रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात आणि फायनलमध्येही शतकं आली. पण तो तिशी ओलांडलेला, कसोटीत त्रिशतक केलेला माणूस. त्याला लय सापडली की ती चेंडूच्या रंगावर अवलंबून नसते. वीस वर्षांच्या पोट्ट्यानं मुश्ताक अलीत तीन सामन्यांत दहा षटकार मारले म्हणून जानेवारीत तो दिवसभर उभा राहील, असं मी तरी मानत नाही.

घरी बसून एवढं होतं. बाकीचं मैदानावर. रणजीला गर्दी नसते, त्यामुळे कुठंही बसून बघता येतं. जमलं तर जामठ्याला जा. गावात सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर एखादा सामना असला तर तिथंही जा. गुजदर लीगचे सामने बघ, तेवीस वर्षांखालच्यांची सी. के. नायडू करंडक स्पर्धा बघ. नायडू नागपुरात जन्मले, १८९५ मध्ये. त्यांच्या नावाच्या स्पर्धेत नागपूरकरानं लक्ष घालायचं नाही तर कोणी? कूचबिहारमधून, म्हणजे एकोणिसाखालून, थेट रणजीत आलेल्यावर मात्र पहिल्या वर्षी पैज लावू नको.

मैदानावर गेलास की चेंडूपेक्षा कर्णधार बघ. समज, साठ षटकं जुना चेंडू आहे. नवखा डावखुरा फिरकीपटू टाकतोय, सिली पॉइंट आणि शॉर्ट लेग दोघे तोंडाशी उभे आहेत. पोट्ट्याचा हात घसरतो, फुलटॉस पडतो, कव्हरमधून चौकार. आता फलंदाजाकडे बघू नको. सिली पॉइंटकडे बघ. कर्णधार त्याला मागे नेऊन कव्हरला उभा करतो का? केला तर समज, भरवसा अजून कच्चा आहे, पुढच्या दोन षटकांत याच्याकडून चेंडू काढून घेतला जाईल. सिली पॉइंट हेल्मेटचा पट्टा आवळून तिथंच उभा राहिला आणि कर्णधारानं टाळी वाजवून चेंडू परत त्याच्याकडे टोलवला, तर त्या गोलंदाजाचं नाव वहीत लिही. त्यानं त्या दिवशी एकही बळी घेतला नसला तरी लिही. नव्वद टक्के लोकांनी तो चौकार लक्षात ठेवलेला असतो.

नेट्समध्येही असंच बघायचं. मुख्य फलंदाजांना सराव द्यायला कोणाला बोलावतात, झेलांच्या सरावात स्लिपमध्ये कोण उभा राहतो. स्लिपमध्ये उभा राहणारा नवखा सहसा वगळला जात नाही, कारण ती जागा शिकायला वेळ लागतो. पण भाचेबुवा, कोणाच्या मनगटाच्या लवचिकतेवर मात्र बोली लावू नको. शैली बघायला तिकीट काढावं. कोवळ्या पोरात डोळ्यांनी दिसणारी आणि विश्वास ठेवण्यासारखी एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे वेग. उमेश खापरखेड्याकडचा, टेनिस बॉलवर वाढलेला, लेदर बॉल उशिरा हातात घेतलेला. २००८ मध्ये पहिल्या रणजी हंगामात चारच सामने मिळाले, त्यात २० बळी. तिथं कुठला रकाना आधी सांगणार होता? यष्टिरक्षक किती पावलं मागे सरकून उभा राहतोय, हेच सांगत होतं.

म्हाताऱ्यांनाही हसू नका. वसीम जाफर चाळिशीचा होता, २०१८-१९ मध्ये त्यानं १०३७ धावा केल्या. लिलावात तुमच्या वयाची पोरं जन्मतारीख बघून नाव खाली टाकतात, त्यामुळे असले लोक अर्ध्या किमतीत मिळतात. त्याला चमकणं म्हणत नसतील, गुण मात्र तेवढेच पडतात. तसाच यष्टिरक्षक घेताना वरच्या क्रमांकावर खेळणारा घे, झेलाचे दहा-दहा गुण वरून. वेगवान गोलंदाज दोनपेक्षा जास्त नको, त्यांची पाठ आणि पोटऱ्या फेब्रुवारीपर्यंत टिकत नाहीत.

राहिलं लिलावाच्या दिवसाचं. तुला हवा असलेला भिडू पहिल्या तासात पुकारू नको, आणि दुसऱ्यानं पुकारला तर चेहरा हलू देऊ नको. आधी मोठी नावं तूच पुढे कर. मालेवार पुकार, राठोड पुकार, दुबे पुकार, आठ-दहापर्यंत चढव आणि सोडून दे. चहा येईपर्यंत निम्म्या टेबलाच्या थैल्या रिकाम्या होतात. तुझ्याकडे तेव्हा पन्नास उरले पाहिजेत. मग ती तुझी ‘कोण गेलं’ची यादी काढ आणि दोन-दोन, तीन-तीन गुणांना माणसं उचल. यादी मात्र मला दाखवू नकोस. यंदा आठवी खुर्ची माझी आहे, आणि मीही तीच यादी घेऊन येणार आहे.